पहिल्या वर्षाचं होस्टेल: दुपारी बघू नका, संध्याकाळी सातनंतर बघा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलीचा जळगावला इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, तुम्ही दोंडाईच्याला राहता, कॉलेज शहराबाहेर बांभोरीच्या बाजूला हायवेवर आहे. कॅम्पसमध्येच मुलींचं होस्टेल आहे पण बिल्डिंग जुनी आणि एका रूममध्ये तिघी. कॉलेजजवळच कॉट बेसिसवर नवीकोरी पीजी मिळतेय, अटॅच बाथरूमसकट. आणि मिस्टरांची सख्खी बहीण जळगावातच राहते, तिचं म्हणणं की आत्याचं घर असताना पोरगी परक्यात कशाला ठेवता. तर तिघांपैकी काय घ्यायचं, आणि होस्टेल घेतलं तर रूम कशी बघायची.

मी मुलींच्या होस्टेलची रेक्टर होते, आधी धुळे जिल्ह्यात आणि मग जळगावला, आता रिटायर झालेय, त्यामुळे कोणाची जाहिरात करायची नाही आणि कोणाला घाबरायचंही नाही. माझं सरळ मत, पहिलं वर्ष कॅम्पसमध्येच काढू द्या, मग ती रूम कितीही साधी असो. पण "कॅम्पसमध्ये" म्हटलं की डोळे झाकून पैसे भरायचे असं नाही, त्यात पण बघण्यासारखं पुष्कळ असतं आणि नेमकं तेच लोक बघत नाहीत.

होतं काय, आईवडील होस्टेल बघायला येतात ते ॲडमिशनच्या दिवशी, दुपारी बारा-एक वाजता, हातात फाईल, डोक्यात ओरिजिनल टीसी आणि डोमिसाईल. त्या वेळेला होस्टेल रिकामं असतं, पोरी कॉलेजात गेलेल्या, बाथरूम नुकतंच धुतलेलं, जिना पुसलेला, मेसमधून फोडणीचा वास येतोय. त्या वेळी कुठलंही होस्टेल चांगलंच दिसतं. खरं होस्टेल सुरू होतं संध्याकाळी सातला, जेव्हा शंभर-दीडशे पोरी एकदम आत येतात, सगळ्यांना एकदम पाणी पाहिजे, जेवण पाहिजे, चार्जिंग पाहिजे, आणि ऑफिसातली सगळी माणसं घरी गेलेली असतात. म्हणून एक मुक्काम जळगावात करा (नणंदेकडेच करा, तेवढंच बरं वाटेल त्यांना) आणि संध्याकाळी सात ते नऊ तिथे जाऊन या. तुम्हाला स्वतःला आत सोडतील, रेक्टरला आधी फोन करून जा. मिस्टरांना गेटवर थांबवतील आणि थांबवलंच पाहिजे, नाही थांबवलं तर त्या होस्टेलचा विचार तिथेच सोडा.

गेल्यावर काय बघायचं? कॉलेजच्या लायब्ररीपासून होस्टेलच्या गेटपर्यंत अंधारात चालत या. मधले दिवे लागलेत का, किती लागलेत, झाडी किती आहे, कुत्री आहेत का. पोरगी सबमिशनच्या आठवड्यात रोज त्याच रस्त्याने येणार आहे. मग सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बघा, खालच्या मजल्यावर पाणी असतंच, वर चढतं का ते बघायचं. गेटवरचं रजिस्टर उघडून बघायला मागा, त्यात जायची वेळ आणि यायची वेळ दोन्ही भरलेल्या दिसतात का. जिथे नुसत्या जायच्या सह्या असतात आणि यायचा रकाना कोरा असतो तिथे रात्री कोण आत आहे न कोण बाहेर ते कोणालाच माहीत नसतं. आणि एखाद्या सेकंड इयरच्या पोरीला जिन्यात बाजूला घेऊन विचारा, रेक्टरसमोर नाही, की बाई पाणी कधी जातं आणि मेसमध्ये रविवारी काय असतं. पोरी खरं सांगतात, विचारणारी आई असली तर जास्तच खरं सांगतात.

आता माझा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, हा तुम्ही रेक्टरला तोंडावर विचारा: "मॅडम, रात्री दोन वाजता पोरीच्या पोटात दुखायला लागलं तर पुढे काय होतं?" उत्तर कसं येतं ते नीट ऐका. "असं काही होत नाही हो आमच्याकडे" हे उत्तर आलं तर समजायचं की विचारच केलेला नाही. चांगल्या ठिकाणी पटापट सांगतात, मी इथेच क्वार्टरला राहते, अमुक खोली, गाडी उभी असते, ड्रायव्हरचा नंबर भिंतीवर लिहिलाय, अमुक दवाखान्यात नेतो, सोबत वॉचमनची बायको येते.

हे मी एवढं का धरून बसलेय ते सांगते. माझ्याकडे धडगावकडची एक मुलगी होती, फर्स्ट इयरचीच, अबोल, कोणाला त्रास द्यायचा नाही अशी. रात्री तिच्या रूम पार्टनरने दार वाजवलं की मॅडम ती घामाघूम झालीय आणि सरळ झोपता येत नाहीये. सिव्हिलला नेलं, अपेंडिक्स निघालं. गाडी होती, मी होते, डॉक्टर होते, सगळं होतं, पण घरच्यांची सही कोण करणार? गावात रेंज नाही, वडिलांचा फोन लागेना, फॉर्मवर लोकल गार्डियन म्हणून ज्याचं नाव लिहिलेलं तो माणूस सुरतेला कामाला गेलेला. शेवटी पहाटे तिच्या एका मामाला शोधलं, तो नंदुरबारहून निघाला, तोपर्यंत डॉक्टरांनी माझ्याकडून लिहून घेतलं आणि पुढचं सुरू केलं. पोरगी बरी झाली, पेढे घेऊन आली नंतर. पण यात दोन गोष्टी बघा. एक, पार्टनर शेजारच्या कॉटवर होती म्हणून कळलं. दुसरी, लोकल गार्डियन हा रकाना लोक गंमत म्हणून भरतात, तो गंमत नाहीये.

म्हणून आत्याबाईंचा विषय इथेच घेते.

आत्याकडे ठेवू नका असं मी म्हणतेय याचं कारण आत्या वाईट आहे असं अजिबात नाही, उलट खानदेशात आत्या-मावशीकडे राहून किती पिढ्या शिकल्या. पण तेव्हा कॉलेज गावात होतं, सकाळी अकराला जायचं आणि पाचला यायचं. इंजिनिअरिंगचं तसं नाही, प्रॅक्टिकल, जर्नल, वर्कशॉप, ग्रुपने करायचे प्रोजेक्ट, परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकींना समजावून सांगणं, हे सगळं कॉलेज सुटल्यावर होतं. शहरातून येणारी पोरगी पाचच्या बसला पळते. आणि रस्ता कोणता, तर हायवे, गिरणेच्या पुलावरून, ट्रक-डंपरची ही वर्दळ. आज ना उद्या विषय निघणार की तिला स्कूटी घेऊन द्या. त्या हायवेवर अठरा वर्षांची पोरगी रोज स्कूटीवर, मला तर विचारानेच नको वाटतं, पावसाळ्यात तर नाहीच नाही.

दुसरं, घरात राहिलं की घरातली कामं आलीच. कोणी सांगत नाही हो, पण आत्या एकटी पोळ्या लाटतेय आणि आपण पुस्तक घेऊन बसलोय हे आपल्याकडच्या पोरीला जमतच नाही, ती उठतेच. पाहुणे आले की उठते, आतेभावाची बारावी असली की टीव्हीचा आवाज, लाईट, सगळ्यात सांभाळून घेते. आणि सहा महिन्यांनी एखाद्या लग्नात कोणीतरी बोलून जातं की "वर्षभर सांभाळलं तुमच्या पोरीला". ताई, नणंद-भावजयीचं नातं तुमचं आहे, तुम्हाला मी काय सांगू. ते नातं गोड राहावं असं वाटत असेल तर पोरगी होस्टेलला ठेवा आणि रविवारी आत्याकडे जेवायला पाठवा.

आत्यांना सांगायचं कसं? त्यांना लोकल गार्डियन करा. मिस्टरांनाच बोलू द्या, की अक्का, रोजचं राहणं कॉलेजच्या वेळेमुळे जमणार नाही पण तिची जळगावातली आई तूच, सही तुझी, रात्री-बेरात्री फोन येईल तो तुला. हे नुसतं मन राखायला नाही, ते खरंच लागतं, वर सांगितलंच. फॉर्मवर आत्यांचा आणि त्यांच्या मिस्टरांचा, दोघांचे नंबर द्या, आधार कार्डची झेरॉक्स आणि फोटो लागतो बहुतेक ठिकाणी, आणि एकदा आत्यांना सोबत नेऊन रेक्टरशी तोंडओळख करून द्या. फोटोवरून ओळखणं वेगळं आणि चेहरा माहीत असणं वेगळं.

पीजीचं म्हणाल तर नवी टाईल्स, अटॅच बाथरूम, वायफाय, सगळं छान दिसतं आणि सेकंड इयरनंतर माझी काही हरकत नाही, तोवर पोरीला जळगाव कळलेलं असतं, मैत्रिणी झालेल्या असतात, चौघी मिळून घेतात. पहिल्या वर्षी मात्र पीजीत कोणाच्या भरवशावर? मालक बहुतेक वेळा दुसऱ्या गावाला असतो, खाली एक केअरटेकर, तो महिन्या-दोन महिन्याला बदलतो. पोरगी कॉलेजला गेली नाही, दोन दिवस रूममध्येच पडून आहे, जेवली नाही, हे पीजीत कोणाच्याच लक्षात येत नाही कारण लक्षात ठेवणं हे कोणाचं कामच नाही. होस्टेलला मेसचं रजिस्टर असतं, रात्रीची हजेरी असते, शेजारणी असतात. पोरी हजेरीला वैतागतात, वैतागू द्या. शिवाय पीजीवाले बऱ्याचदा बारा महिन्यांचं भाडं घेतात, सुट्टीत रूम रिकामी असली तरी. डिपॉझिट परत कधी आणि काय कापून, हे लेखी देत नसतील तर ते डिपॉझिट गेलंच समजा.

अपडाऊनचं कोणी सुचवलं तर, धरणगाव, अमळनेर, भुसावळ, पाचोरा इथल्या पोरी अपडाऊन करतात, रेल्वेचा नाहीतर एसटीचा पास काढून, त्यांना जमतं, त्यांचं अंतर तेवढं आहे. दोंडाईच्याहून पहिल्या वर्षी रोज सुरत लाईनच्या गाडीत बसून शिकायचं म्हणजे अभ्यास राहील बाजूला आणि पोरगी नुसती थकेल. तो विषय सोडा.

आता रूम. आधीच सांगते, बऱ्याच ठिकाणी रूम निवडायला मिळत नाही, लिस्ट लागते, मार्कांवर आणि घराच्या अंतरावर नंबर लागतो आणि मिळेल ती घ्यायची. पण पहिल्या आठ-दहा दिवसांत हलवाहलवी होतेच, कोणाला सीईटीत वरचं कॉलेज मिळतं, कोणी घरी परत जातं, तेव्हा लेखी अर्ज देणाऱ्या पोरीचं काम होतं. तोंडी सांगणाऱ्या पन्नास असतात, मला स्वतःला आठवायचं नाही कोण काय म्हणालं ते, कागद असला की काम व्हायचं. म्हणून काय मागायचं ते डोक्यात ठेवा.

टेरेसखालची रूम नको. तुम्ही खानदेशातल्याच, तुम्हाला जळगाव-भुसावळचा एप्रिल-मे वेगळा सांगायला नको, ४४-४५ डिग्रीला वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत खाली आग ओततो, फॅनचा वारा गरम लागतो, आणि नेमकी सेकंड सेमची परीक्षा त्याच दिवसांत येते. जुलै-ऑगस्टमध्ये ॲडमिशन घेताना हे कोणाच्या ध्यानातच येत नाही कारण बाहेर पाऊस पडत असतो आणि वरची रूम हवेशीर वाटते. मी दरवर्षी बघायचे, वरच्या मजल्यासाठी जुलैत भांडणाऱ्या पोरी एप्रिलमध्ये गाद्या घेऊन खालच्या पॅसेजमध्ये झोपायला यायच्या. पश्चिमेची खिडकी पण त्यातलीच, दुपारी तीन ते सहा ऊन थेट कॉटवर. उत्तरेची किंवा पूर्वेची मिळाली तर बघा. अगदी तळमजला पण नको, ओल असते, डास असतात, कॅम्पस मोकळ्या जागेत असलं की विंचू-सापाचं पण बघावं लागतं, आणि बाहेरून दिसतं म्हणून पोरी खिडकी बारा महिने बंद ठेवतात. मधला मजला, बाथरूमपासून दोन-तीन रूम सोडून. अगदी बाथरूमला लागून असली की पहाटे पाचपासून बादल्यांचा आवाज आणि भिंतीला ओल.

तिघींची रूम आहे म्हणून तुम्ही नाक मुरडलंय, तिथे मी तुमच्या उलट मताची आहे. पहिल्या वर्षी दोघींच्या रूमपेक्षा तिघींची बरी. दोघींत एकीचं बिनसलं की बोलायला कोणी नाही, दोन भिंतींकडे दोन तोंडं. तिघींत कुरबुरी होतात पण कोणीतरी एक मध्ये पडते, आणि एक गावाला गेली तरी दुसरी असतेच. मात्र रूम तिघींची म्हणजे कॉट तीन, कपाटं तीन, टेबलं तीन आणि प्लगपॉईंट पण तीन, हे मोजा. मी अशी रूम पण बघितलीय की जिथे चौथी कॉट नंतर "ॲडजस्टमेंट" म्हणून टाकलेली आणि ती पोरगी वर्षभर सुटकेसमधून कपडे काढायची. पावतीवर किती जणींची रूम ते लिहून घ्या.

पार्टनर कोण, यात एकच सांगते, आपल्याच गावची, शाळेपासूनची मैत्रीण एकाच रूममध्ये टाकण्याचा हट्ट करू नका. आया दोघी मिळून येतात आणि मागतात, की एकमेकींना आधार होईल. होतो उलटा प्रकार, दोघी एकमेकींना सोडून कोणाशी बोलत नाहीत, आणि त्यांचं बिनसलं की भांडण थेट गावात पोचतं, तुमच्या दारापर्यंत. शेजारच्या रूममध्ये असू दे. एक पार्टनर तिच्याच ब्रँचची मिळाली तर मात्र फार सोयीचं, असाइनमेंट काय दिली, उद्या प्रॅक्टिकल आहे का, हे रूममध्येच कळतं.

पाण्याचं वेगळं बघा. प्यायला आरओ आहे का, त्याच्यावर सर्व्हिसिंगची तारीख लिहिलीय का. वापरायचं पाणी बोअरचं असेल तर बऱ्याचदा क्षाराचं असतं, पहिल्या दोन महिन्यांत पोरी केस गळतात म्हणून रडकुंडीला येतात, घाबरायचं नाही, केस धुवायला आठवड्यातून एकदा पिण्याच्या नळाचं एक बादली घेऊ देतात का ते विचारा, आमच्याकडे आम्ही द्यायचो. गरम पाणी सोलरचं असेल तर पावसाळ्यात आठ-आठ दिवस येत नाही, मग पोरी चोरून कॉइल लावतात बादलीत. हे मात्र तिला कडक सांगा, कॉइल नाही म्हणजे नाही. ओल्या फरशीवर उभं राहून कॉइल लावलेल्या बादलीत हात घालणाऱ्या पोरींना मी किती रागावलेय त्याला गणती नाही.

मेसवर आता. चव बघायला जाऊ नका, पहिल्या दिवशी चव चांगलीच असते. मेस कोण चालवतं ते विचारा. ठेकेदार दरवर्षी बदलत असेल तर शेवटच्या दोन महिन्यांत वरण पातळ होत जातं, मग त्यातून डाळ शोधावी लागते. पोरींची मेस कमिटी असेल, भाजी आणायला आळीपाळीने दोघी जात असतील, तर ती मेस टिकते. खाड्याचा नियम विचारून घ्या, म्हणजे गावाला गेल्यावर पैसे कापून मिळतात का, बहुतेक ठिकाणी सलग तीन-चार दिवस असले आणि आदल्या दिवशी लिहून दिलं तरच खाडा धरतात, शनिवार-रविवारचा धरत नाहीत. रविवारी सकाळी फिस्ट आणि संध्याकाळी बंद, हा सगळीकडचाच रिवाज, त्या संध्याकाळी आत्या आहेतच. डब्यात ठेचा, लोणचं, बिबड्या, शेंगदाण्याची चटणी द्या, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर उंदीर आणि पार्टनर दोघं मिळून संपवतात. आणि मेसची शेवभाजी घरच्यासारखी लागत नाही म्हणून फोनवर रडली तर ऐकून घ्या, लगेच गाडी काढून डबा घेऊन निघू नका.

रॅगिंगचं तुम्ही विचारलं नाही पण मनात असेल. यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, त्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवायचं असं लिहिलेलंच आहे, तेव्हा फर्स्ट इयरला वेगळी विंग आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ॲडमिशनच्या वेळी मुलीकडून आणि पालकांकडून अँटी रॅगिंगचं हमीपत्र भरून घेतात, ते नुसती सही करून देऊ नका, तिला वाचायला लावा. हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, तिच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. महाराष्ट्रात तर १९९९ पासून कायदाच आहे. मुलींच्या होस्टेलला मारहाण वगैरे मी कधी बघितली नाही, पण "इंट्रो"च्या नावाखाली रात्री बारापर्यंत उभं करणं, जर्नल लिहून घेणं, कपडे धुवायला लावणं हे प्रकार होतात, आणि ते पण रॅगिंगच आहे. पहिल्या दिवशीच सांगितलं तर तिथेच मिटतं.

पैशाचं. तुम्ही प्रवर्ग लिहिला नाही म्हणून सगळंच सांगते. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, हे तुम्हाला माहीत असेलच, पण पालकांचा इथेच घोटाळा होतो, त्यात होस्टेल आणि मेस येत नाही, ते वेगळं भरावं लागतं. त्यासाठी ईडब्ल्यूएस, एसईबीसीला महाडीबीटीवर (सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल) डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, शहराप्रमाणे वर्षाला ठरावीक रक्कम मिळते. ओबीसी, व्हीजेएनटीला सावित्रीबाई फुले आधार योजना आणि आदिवासी मुलींना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, शिवाय आदिवासी विभागाची स्वतःची वसतिगृहं आहेतच, नंदुरबारकडच्या कितीतरी पोरी त्यावरच शिकल्या. दोन गोष्टी लक्षात ठेवा, बँक खातं मुलीच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं पाहिजे, आणि हे पैसे उशिराच येतात, कधी वर्ष संपताना येतात, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांचे मेसचे पैसे घरातूनच बाजूला काढून ठेवा. योजनेचे पैसे येतील मग भरू असं मेसवाल्याला सांगून चालत नाही. आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढा, सप्टेंबरमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते.

अजून एक, कॅप राऊंडमध्ये (सरकारी प्रवेश फेरीत) बेटरमेंट ठेवलं असेल, म्हणजे पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळतं का ते बघणार असाल, तर होस्टेलचे पूर्ण पैसे भरायची घाई करू नका. आधी विचारा, वरचं कॉलेज मिळालं तर किती परत देणार, आणि पावतीच्या मागे लिहून सही घ्या. फ्रीज केलं असेल, म्हणजे हेच कॉलेज पक्कं केलं असेल, तर मात्र त्याच दिवशी होस्टेलचा फॉर्म भरा. होस्टेलच्या जागा कमी असतात आणि लोक दोन दिवस "विचार करून सांगतो" म्हणतात तेवढ्यात भरतात.

सुरुवातीला दर शनिवारी घरी बोलवू नका. पहिले तीन आठवडे फार रडतात, मग अचानक फोनच कमी येतो, तेव्हा आयाच रडतात, हे मी दरवर्षी बघितलंय. कानबाईचा सण नाहीतर पोळा मध्ये येईल, तेव्हा येऊ द्या, कानबाईचे रोट खायला पोरगी घरी पाहिजेच, त्याला रेक्टर पण नाही म्हणत नाहीत, आमच्याकडे तर श्रावणात कानबाईच्या रविवारी अर्धं होस्टेल रिकामं असायचं. फक्त आधी गेटपास भरून, कोणत्या गाडीने निघाली ते लिहून, आणि घरी पोचल्यावर तुम्ही रेक्टरला फोन करायचा.

तुमचा शेवटचा प्रश्न होता कूलर आत्ताच घेऊन द्यायचा का. आत्ता नको, पावसाळ्यात तो नुसता कॉटखाली जागा अडवतो आणि त्यात डास होतात. आधी कूलरला परवानगी आहे का आणि त्याचं लाईट बिल वेगळं घेतात का ते विचारा, तिघींत मिळून एक घ्यायचा, मार्चमध्ये, जळगावातच. आत्ता न्यायचं ते म्हणजे स्वतःची गादी (कॉट मिळते, गादी बहुतेक ठिकाणी मिळत नाही), मच्छरदाणी, दोन चांगली कुलपं चाव्यांसकट, त्यातली एक चावी आत्यांकडे, बादली-मग, टॉर्च, एक्स्टेन्शन बोर्ड आणि कपडे वाळवायची दोरी भरपूर चिमट्यांसकट. दोरी जरा लांब द्या, पावसाळ्यात तिघींचे कपडे एकाच रूममध्ये वाळत असतात.